वहिनी, जरा लांब उभ्या राहता का?

"वहिनी, जरा लांब उभ्या राहता का? तुमच्यामुळे आकडा वाढतोय."

हे वाक्य मी परवा सकाळी पावणेसात वाजता, डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीच्या गेटाशी, तीन शेजारी आणि एक दूधवाला यांच्या देखत ऐकून घेतलं.

बोलणारे बी विंगचे अण्णा. त्यांच्या बंगळुरूच्या मुलाने त्यांना हवा मोजायचं यंत्र पाठवलंय. साबणाच्या डबीएवढं. आत चिमुकला पंखा घुर्र करतो, हवा ओढून घेतो आणि धुळीचे कण मोजून वर आकडा दाखवतो. आकड्याबरोबर रंग बदलतो. बीपीचं मशीन झालं, शुगरचं झालं, आता सोसायटीत एवढंच मोजायचं राहिलं होतं. हल्ली अण्णा ते यंत्र आरतीच्या तबकासारखं दोन्ही हातांत धरून फिरतात.

त्या दिवशी गेटाशी १६२ होते. पार्किंगमध्ये १५८. दूधवाल्यापाशी १४९, आणि त्याच्या बाइकचा सायलेन्सर असा आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला तो झोपेतून उठवतो. मग अण्णा माझ्याजवळ आले. २१४.

"अण्णा, मी सिगारेट ओढत नाही."

"मी कुठे तसं म्हटलं? यंत्र म्हणतंय."

"यंत्र माझं नाव घेतंय?"

"यंत्र नाव घेत नाही, वहिनी. आकडा देतं." एवढं बोलून त्यांनी माझ्याभोवती प्रदक्षिणा सुरू केली. कोपराशी २१९. खांद्याशी २३१. "वरच्या बाजूला जास्त आहे. पाठ फिरवा बरं."

आणि मी फिरवली. अण्णांना मी एक वेळ माफ करेन, पण मी मुकाट्याने पाठ फिरवली हे मला अजून पचलेलं नाही.

"घरी धूप लावता?"

"गुरुवारी."

"आज बुधवार." अण्णा विचारात पडले. "सकाळी फोडणी दिली होती का?"

"अजून चहासुद्धा झाला नाहीये."

"मग हा स्वेटर कधीचा?"

स्वेटर कालच माळ्यावरून काढला होता. गेल्या फेब्रुवारीपासून डांबरगोळ्यांच्या सहवासात होता. झटकायचा राहिला होता, कबूल. पण डोंबिवलीत स्वेटर घालायचे दिवस मुळात किती? इकडे पारा सोळावर आला म्हणून आपण कौतुकाने कानटोपी शोधावी, तर बदलापूरची नणंद फोन करून "आमच्याकडे तेरा" असं सांगते. तिचा स्वर असा की ते तीन अंश तिने स्वतः घाम गाळून कमी केलेत.

"झटका बरं जरा," अण्णा म्हणाले. मी बाही झटकली. ३८८! यंत्र लालभडक झालं. "बघा!" चोर मुद्देमालासह सापडावा तसा त्यांचा चेहरा फुलला. दूधवाल्याने बाइक दोन पावलं मागे घेतली. माझ्यापासून. त्याने!

तेवढ्यात समोरच्या रीडेव्हलपमेंटच्या प्लॉटवर कोणीतरी सिमेंटची गोणी आपटली. हिरव्या जाळीतून पांढरा लोट उठला आणि सावकाश आमच्या अंगावर आला. मी म्हटलं, तिकडे धरा की यंत्र. अण्णा म्हणाले, "तिथला वॉचमन आत सोडत नाही."

थंडीत असं का होतं हे मलाही ठाऊक आहे. पिठल्यावर ताटली झाका, वाफ आतच राहते. तसंच. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. मग गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, पेटवलेला कचरा, एमआयडीसीचं जे काही असेल ते, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर मुक्कामाला. त्यातले सर्वात बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान, ते थेट फुप्फुसात. सासूबाईंना हे काही माहीत नव्हतं. त्या गच्चीवर जायच्या आणि मलंगगड दिसतो का बघायच्या. दिसला तर पापड वाळत घालायचे, नाही तर नाही. जूनमध्ये पाऊस पडून गेला की गड हात लावावा इतका जवळ येतो. डिसेंबरात तो आहे यावर विश्वास ठेवावा लागतो.

मोबाइलवर मात्र सगळं "मध्यम" असतं. सरकारी मोजपट्टीत १०१ ते २०० म्हणजे मध्यम. १९९ आकडा झाला, घसा खवखवतोय, डोळे चुरचुरतायत, तरी मध्यम. आणि ५१ ते १०० म्हणजे समाधानकारक. आमच्या शाळेत नापास होण्याच्या बेतात असलेल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर असे शेरे असत, पालकांना धक्का बसू नये म्हणून.

तसं आमच्या गावाने रंगांच्या बाबतीत कधी कंजुषी केलेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. तेव्हा कॅमेरे आले, साहेब आले, आणि रस्ता पुन्हा रस्त्याच्या रंगाचा झाला. वासाची अडचण अशी की त्याचा फोटो निघत नाही. रात्री अडीचला येतो. कधी कुजक्या कोबीसारखा, कधी कोणी उशाशी नेलपॉलिशची बाटली सांडल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी मी एकदा तक्रारीचा फोन लावला होता. पलीकडचा माणूस अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, नक्की कुठल्या कंपनीतून येतो तेवढं सांगा, लगेच बघतो." म्हणजे मी रात्री अडीचला गाऊनवर शाल घेऊन, नाक वर करून फेज वनमधून फेज टूत जायचं, आणि हुंगत हुंगत गेट नंबर लिहून आणायचा. तो वास कुठून येतो हे इतक्या वर्षांत सापडलं नाही. माझा स्वेटर सकाळी पावणेसातला दहा मिनिटांत सापडला.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांनी तिन्ही आकडे टाकले: गेट, पार्किंग आणि "सी विंगच्या एक वहिनी". सी विंगमध्ये सकाळी फिरायला जाणारी मी एकटीच. खाली नऊ अंगठे.

संध्याकाळी बेल वाजली. दारात अण्णा, हातात यंत्र, पडदा काळा. "वहिनी, चार्जिंगची वायर आहे का हो? सी टाइप? आमची सापडत नाहीये." मी स्वयंपाकघरातल्या खणातली आणून दिली. पिन डावीकडे दाबून, वायर वर उचलून, श्वास रोखून धरली तरच ती चार्ज करते. ते मी सांगितलं नाही.