अंगणवाडी सेविका सरकारी नोकर झाल्या? नाही

‘सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविकांना सरकारी नोकर ठरवलं, आता वेतन आयोग लागणार’ असा मेसेज फिरतोय. तसं काही झालेलं नाही. 25 एप्रिल 2022 च्या निकालात कोर्टाने म्हटलं ते इतकंच: सेविका-मदतनिसांना 1972 चा ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी एकरकमी रक्कम) कायदा लागू आहे आणि त्यापुरतं मानधन म्हणजे वेतनच. हेही थोडंथोडकं नाही बरं! शेवटचं मानधन 10,000 रुपये आणि सेवा 20 वर्षं धरा. 10,000 ला 26 ने भागा, 15 ने आणि मग 20 ने गुणा. ग्रॅच्युइटी साधारण 1,15,385 रुपये होते. महिन्याला हातात पडणारी रक्कम मात्र या निकालाने बदललेली नाही. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून सेविकेला 4,500 रुपये ठरवले. त्यावर आपलं राज्य जी भर घालतं ती शासन निर्णयाने, कायद्याने नव्हे.