‘५९० रुपयांसाठी बॅज अडवला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. तुम्हाला आणि मुलाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. फोन दोन दिवस उचलला गेला नाही ही चूक माझी. तिथे वाद नाही.

तुम्ही लिहिलंय की टॅली-जीएसटी कोर्सची फी ९,००० घेतली, सहा बॅज (एकेक काम जमल्याचे ऑनलाइन दाखले) देऊ म्हणून पाचच दिले, सहावा ‘५९० रुपयांसाठी’ १९ दिवस अडवून ठेवला, त्यामुळे मुलाची महापेची मुलाखत गेली. आणि बॅज म्हणजे नुसतं चित्र, कंपनीत कोणी विचारत नाही. त्यासाठी एक तारा.

बाकीचं नंतर. आधी ५९०, कारण सोमवारपासून मला त्याच्यावरूनच फोन येतायत. एका ताईंनी विचारलं, ‘फी ९,००० आणि वर ५९० कसले?’ एका मुलाच्या आईने तर ‘आत्ताच पाठवून टाकते, बॅज अडवू नका’ म्हणून नंबर मागितला. दादा, ५९० रुपये आम्ही मागितलेच नाहीत. तुमच्याकडेही नाही, कोणाकडेही नाही. ते सरावाच्या हिशोबातले आहेत. तुम्हाला हे माहीत आहे, कारण २३ तारखेला मी तुम्हाला स्क्रीनवर दाखवलं होतं. पण वाचणाऱ्याला काय कळणार? त्याला वाटणार, कोपरखैरण्यात एक बाई बसलीय, पोरांचे बॅज दाबून पैसे उकळतेय.

म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहिते. सहावा बॅज बँक रिकोचा, म्हणजे वही आणि बँकेचा हिशोब जुळवण्याचा असतो. मुलांना एका काल्पनिक दुकानाची मार्च महिन्याची वही आणि बँकेचं स्टेटमेंट दिलं जातं. दोन्हींतला फरक कुठून आला ते शोधायचं. त्यात मी मुद्दाम एक गोष्ट लपवलेली असते. बँकेने ३१ मार्चला ५०० रुपये चार्जेस कापलेले असतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०. एकूण ५९०. वहीत ती नोंद नसते. मुलाने स्टेटमेंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, चार्जेस एका खात्यात टाकायचे, ९० रुपये जीएसटीच्या खात्यात. ते ९० पुढे क्रेडिट म्हणून, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतात, म्हणून वेगळे दाखवायचे.

तुमच्या मुलाने काय केलं, तर ५९० चा फरक उचलून सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात टाकला. दोन्हीकडचे आकडे जुळले. टॅलीचं काय, ती तुम्ही सांगाल ते ऐकते. तो एकटाच असं करतो असंही नाही, हुशार मुलंच जास्त करतात, कारण त्यांना घाई असते. मी मसाला मार्केटात एका गाळ्यावर आठ वर्षं हिशोब लिहिलेत, हमाली-तोलाईसकट. वर्षअखेरीला सस्पेन्समध्ये काय काय निघतं ते मी पाहिलंय, आणि शेठ त्या वेळी कोणाकडे बघतो तेही.

आता त्या बॅजची लिंक उघडलीत तर आत निकष लिहिलेला दिसेल: ‘बँक खातं जुळवलं, सस्पेन्स शून्य.’ खाली देणाऱ्याचं नाव, म्हणजे माझ्या क्लासचं, आणि तारीख. सस्पेन्समध्ये ५९० पडलेले असताना मी तो दिला असता, तर ते खोटं माझ्याच नावावर राहिलं असतं. हजेरीचं सर्टिफिकेट मी कोणालाही देईन, कोर्सला बसला की मिळतं. बॅज तसा नाही. तुम्ही स्वतः मार्केटातले आहात दादा, गोणी काट्यावर कमी भरली तर तुम्ही पावतीवर पूर्ण वजन लिहाल का?

१९ दिवसांचंही सांगते, कारण रिव्ह्यूत ते एकदम सरसकट आले आहेत. त्याने ६ एप्रिलला फाइल दिली. ७ ला मी शेरा लिहून परत केली: ‘५९० कुठले? स्टेटमेंटचं शेवटचं पान बघ.’ ८ ते १८ तो गावी जत्रेला गेला होता. जावं, जरूर जावं, आमच्याकडचीही निम्मी बॅच एप्रिलमध्ये गावाला असते. पण ते अकरा दिवस माझ्या खात्यात कशाला? १९ ला त्याने तीच फाइल, तोच सस्पेन्स, पुन्हा पाठवली. १९ ते २३ हे दिवस मात्र माझे. २० तारीख म्हणजे महिन्याच्या ३बीची, म्हणजे जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख आणि २२ म्हणजे आपल्याकडच्या तिमाहीवाल्यांची. क्लासच्या फीवर गाळ्याचं भाडं निघत नाही म्हणून मी काही दुकानदारांची रिटर्न्स भरते, आणि त्या दिवसांत फोन उलटा ठेवलेला असतो. मुलाची मुलाखत २२ ला आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर रात्री दहाला बसवून घेतलं असतं. मला ते २३ ला कळलं, तुमच्या तोंडून. २४ ला तो आला, पंचवीस मिनिटांत त्याने ५९० शोधले, आणि सापडल्यावर हसला. २५ ला बॅज दिला.

‘कंपनीत कोणी विचारत नाही’ आणि ‘त्याच्यावाचून मुलाखत गेली’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या एकाच रिव्ह्यूत आहेत. मी काही बोलत नाही.

तरी पहिल्या वाक्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. मार्केटातले शेठ आजही ‘टॅली येतं का?’ विचारतात आणि सरळ खुर्चीवर बसवतात. पण बॅज हे माझं खूळ नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०११ मध्ये ‘ओपन बॅज’ जाहीर केले, २०१३ मध्ये त्यांची पहिली पक्की आवृत्ती आली, २०१७ पासून ते काम दुसऱ्या संस्थेकडे आहे, जिचं आताचं नाव वन-एडटेक. मी वापरते ते मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि त्यात बॅजची सोय २०१३ पासून आहे. म्हणजे बॅजचे वेगळे पैसे मी घेत नाही, घेण्यासारखं काही नाहीच. कोर्सचं एक सर्टिफिकेट सगळं एका दमात सांगतं. त्याऐवजी खरेदी-विक्रीच्या नोंदी, पगारपत्रक, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), ३बी, टीडीएस, बँक रिको, असं सुटं सुटं दिसावं एवढाच हेतू. तुमच्या मुलाचा जीएसटीआर-१ चा बॅज बॅचमध्ये सर्वांत आधी आला होता, ते रिव्ह्यूत नाही.

‘नुसतं चित्र’ का दिसलं, त्याचं कारण मात्र मला नंतर समजलं. त्याने पाच बॅज कंपनीच्या मॅडमना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले. बॅजच्या फाइलमध्ये कोणाला, कोणी, कधी, कशासाठी दिला ही माहिती भरलेली असते. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि आतलं सगळं गळून पडतं. उरतं ते खरंच चित्र. लिंक पाठवायची असते. हे मी वर्गात एकदा सांगितलं होतं, पण एकदाच, आणि शेवटच्या पाच मिनिटांत, जेव्हा सगळे बॅगा भरत होते. तो भाग माझा.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. २३ ला संध्याकाळी साडेसातला बॅच चालू असताना तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, ‘चित्रं छापायची दुकानदारी आहे ही.’ आत चौदा मुलं होती. त्यातल्या दोन मुली दिवसभर दुसऱ्यांच्या घरी काम करून येतात. मी तेव्हा गप्प बसले, तुम्हाला आत बोलावलं, स्क्रीन दाखवली. तुमचा तिसरा हप्ता उशिरा आला तेव्हाही मी कधी मुलाला वर्गात विचारलं नव्हतं. हे इथे लिहायला नको होतं, पण लिहून गेले.

बाहेरच्या फलकावर ‘६ आठवड्यांत ६ बॅज’ असं आहे ते मी बदलून घेतेय, कारण सहा आठवडे हे शिकवण्याचे आहेत, बॅज ज्याचा त्याच्या कामावर. तपासणी लवकर करण्याचंही बघते. २० तारखेच्या आठवड्यात फोनला कोणीतरी असेल अशी काही सोय करते. मुलाला लिंक कशी पाठवायची ते दाखवायला कधीही पाठवा, त्या मॅडमना मी स्वतः मेल लिहायला तयार आहे, मुलाखत परत मिळेल की नाही ते माझ्या हातात नाही.

तारा एकच राहू द्या, तो तुमचा अधिकार. फक्त एक विनंती आहे. ‘५९० रुपयांसाठी’ असं जिथे लिहिलंय तिथे ‘हिशोबातल्या ५९० रुपयांसाठी’ एवढं करा. आज सकाळीसुद्धा एकाने पाठवले, मी परत केले.