तीन तासांच्या उन्हात भाजी होते का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तिच्यात दिशा, तास, महिने, रोपं असं सगळं नेमकं दिलेलं आहे. एवढी माहिती कुणी देत नाही, म्हणून उत्तरही तसंच नीट द्यावंसं वाटलं.

बाकीच्या वाचकांसाठी ताईंचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. त्यांचा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनी पूर्वेकडे, समोर दुसरी इमारत, त्यामुळे ऊन येतं ते आठ ते अकराच्या दरम्यान, जेमतेम तीन तास. जूनमध्ये त्यांनी टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं आणली. पाच मोठ्या कुंड्या, कोकोपीट (नारळाच्या सालाचा भुसा), खत, सगळं विकत घेतलं. ऑगस्ट संपेपर्यंत रोपं नुसती लांब वाढली, फुलं गळली, दोन रोपं मुळाशी कुजली आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या झाल्या. त्यावरून त्यांचं मत झालंय की अर्धसावलीत भाजी होते असं लिहिणं ही लोकांची दिशाभूल आहे, आणि अशा घरात मनी प्लांट लावून गप्प बसावं. शेवटी त्यांनी विचारलंय की आता या पाच कुंड्यांचं करायचं काय.

ताई, दिशाभूल होते हे खरं आहे. आपण जे बघून हुरळतो त्या बहुतेक बागा गच्चीवरच्या असतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग आजही अनेकांना बळ देते, पण ती गच्ची आहे. श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून, घराघरांत पोचवलेली शेतीही पानावर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबावरच उभी होती, ऊन हेच त्यात भांडवल होतं. गच्चीवर दिवसभर ऊन. तिथली वांगी बघून आपण तेच रोप वर स्लॅब, समोर इमारत आणि बाजूला भिंत असलेल्या चार फुटांच्या जागेत आणतो. रोपवाटिकेत आपल्याला ‘ऊन किती येतं’ असं कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवं. इथवर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण तीन तासांच्या उन्हात खायला काहीच होत नाही, हे मला मान्य नाही.

फळ आणि पान यांतला फरक इथे कळीचा आहे. झाड उन्हावर साखर तयार करतं. त्यातली बरीचशी स्वतःला जगवण्यात आणि पानं-मुळं वाढवण्यात खर्च होते. उरेल त्यावर फूल टिकतं आणि फळ भरतं. टोमॅटो, मिरची, वांगी यांना त्यासाठी सहा तास तरी थेट ऊन लागतं, आठ मिळालं तर उत्तम. तीन तासांत ती मरत नाहीत, पण उजेडाच्या शोधात लांब होत जातात, दोन पानांमधलं अंतर वाढतं, आणि फूल आलं तरी झाड ते सोडून देतं. तुमच्या रोपांचं अगदी हेच झालं. शिवाय महिना जून! कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. तुमच्या तीन तासांपैकी खरं ऊन किती मिळालं असेल याचा विचार करा. त्या रोपांना तुम्ही जीव लावलात तरी ती फळली नसती.

पालेभाजीत आपण पानच खातो. फुलाची, फळाची वाट बघायची नसते. म्हणून तीन-चार तासांच्या उन्हात ती होते. गच्चीवर होईल तेवढी दाट नाही होणार, आठवडाभर उशिरा येईल, पण येईल.

इथे उजेडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डोळा आपल्याला फार फसवतो. उजेड लक्स या मापात मोजतात. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत दहा-वीस हजार. खोलीत, खिडकीपासून जरा आत गेलं की फक्त काहीशे. आपल्या डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होते, म्हणून आपल्याला तिन्ही ठिकाणी ‘उजेड आहे’ असंच वाटतं. मोबाईलवर लक्स मोजणारी फुकट अॅप आहेत. ती तंतोतंत नसतात, पण बाल्कनीच्या एका कोपऱ्याची दुसऱ्याशी तुलना करायला पुरेशी आहेत. ते नको असेल तर कुंडीच्या जागी हात धरा. कडा स्पष्ट असलेली सावली पडली तर ऊन, पुसट पडली तर उजेडाची सावली, पडलीच नाही तर तिथे भाजी लावू नका.

आणि हे एकदा मोजून संपत नाही. आपण १९ अंश अक्षांशावर राहतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात चक्क थोडा उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दुपारीही तो दक्षिणेला कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या बाल्कनीत मे महिन्यात दुपारी स्लॅबमुळे कोरडी सावली, आणि डिसेंबरात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत. उत्तरेकडच्या बाल्कनीत थंडीभर ऊन नाही, पण मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊन जातं. तुमच्या पूर्वेच्या बाल्कनीतही फरक पडतोच. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. समोरच्या इमारतीच्या कुठल्या बाजूला फट आहे ते बघा. फट आग्नेयेकडे असेल तर थंडीत तुमचे तीन तास वाढतील, ईशान्येकडे असेल तर कमी होतील. मी जिथे जिथे अर्धसावलीतली बाग बघायला जाते तिथे पहिला प्रश्न हाच विचारते, कारण त्याच जागेला दोन ऋतूंत दोन वेगळी झाडं लागतात.

आता एक साधी गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. तुम्ही लिहिलंय की कुंड्या जमिनीवर, कठड्याला लावून ठेवल्या होत्या. तुमचा कठडा भिंतीचा आहे, जाळीचा नाही. तीन फुटांची भिंत सकाळचं तिरपं ऊन अडवते. तुमच्या डोळ्यांना दिसणारे तीन तास कठड्याच्या वरचे आहेत, खाली कुंडीतल्या मातीपाशी त्यातला तासभरही पोचत नसेल. लोखंडी स्टँड किंवा जुनं मजबूत टेबल लावून कुंड्या कठड्याच्या उंचीवर आणा, कठड्याच्या आतल्या बाजूला. आतली भिंत पांढरी असेल तर फारच छान, ती बराचसा उजेड परत झाडावर टाकते. कुंड्या कठड्याच्या बाहेर मात्र टांगू नका. वाऱ्याने, माकडाने, दोरी कुजल्याने कुंडी खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकते, आणि तिसऱ्या मजल्यावरून पडलेली कुंडी माणूस मारते.

काय लावायचं याबद्दल मी थोडी जास्त लिहिणार आहे, कारण ‘मनी प्लांट लावा आणि गप्प बसा’ या तुमच्या वाक्याने मला खरंच वाईट वाटलं. सावलीतली शेती आपल्याकडे परकी नाही. कोकणातली सुपारीची वाडी आठवा. वर नारळ-सुपारीचं छत, त्याच्या गाळीव उजेडात मिरीचे वेल, जायफळ, हळद, आलं, पाटाच्या कडेने अळू. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली लाखी बाग याच विचारावर उभी आहे, नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ. पालघर भागात केळवे-माहीमला विड्याच्या पानांचे मळे आहेत, त्या वेलीला कडक ऊन सोसतच नाही. ही सगळी झाडं सावलीला सरावलेली आहेत. त्यांना आपण शहरात विसरलो आणि टोमॅटोच्या मागे लागलो.

तुमच्या बाल्कनीत अळू नक्की होईल. वडीचं अळू जिथे लागवडीला आहे अशा ओळखीच्या घरातून कंद आणा. शोभेची दिसायला सारखी झाडं असतात, ती खाण्यात येता कामा नयेत. हळद आणि आलं मेमध्ये लावायचं, डोळे फुटलेला बाजारातला तुकडाही चालतो, निघायला आठ-नऊ महिने लागतात. कमी उन्हात गड्डे बारीक भरतात, पण श्रावणात पातोळ्यांना हळदीचं पान घरचं असलं की बाकी काही नको. पानओवा तर कांडी खोचली की लागतो, भजी, चटणी, सर्दीचा काढा, सगळ्याला होतो. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात. मायाळूचा वेल ग्रिलवर चढवा. विड्याच्या पानांची नागवेल एक ठेवा. गवती चहाही जगतो, थोडा सडपातळ राहतो इतकंच.

कोथिंबिरीची एक गंमत सांगते. भर उन्हात मार्चनंतर ती लगेच फुलावर येते, पानं सुयांसारखी होतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल तर ती उन्हाळ्यातही बराच वेळ पानावर राहते. म्हणजे तुमची पूर्वेची बाल्कनी इथे गच्चीपेक्षा उजवी. धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतात आणि साधारण चाळीस दिवसांत कापणीला येतात. मेथी त्याहून लवकर. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत होणारी समुद्रमेथी तुम्ही बाजारात बघितली असेल, ती इवल्या पानांवरच उपटतात. तशीच पसरट ट्रेमध्ये दाट पेरायची आणि कोवळी काढायची. इतक्या लहान वयात बी स्वतःच्या शिदोरीवर वाढत असतं, उजेडाची गरज कमी पडते. पालक, चवळई, लाल माठ यांना तुमचं ऊन पुरेल. कढीपत्ता आणि मोगरा मात्र लावू नका, पुन्हा निराश व्हाल.

तुमची दोन रोपं कुजली, त्याचं कारण ऊन नव्हतं, पाणी होतं. सावलीत कुंडी सावकाश सुकते. तुमच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त कोकोपीट होतं, आणि ते पाणी धरून ठेवतं. पावसाळ्याची दमट हवा, त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी. मुळांना हवाच मिळाली नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती स्थिती कुंडीतही यावी लागते, माती ओलसर हवी आणि तिच्यात हवाही खेळती हवी. सावलीच्या कुंडीसाठी मी लाल माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट अर्धा भाग आणि जाडी वाळू किंवा विटांचा चुरा अर्धा भाग घेते. नुसती काळी माती घेऊ नका, ती ओली झाली की चिकट गोळा होते आणि सुकली की भेगाळते. पाणी वाराने घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. खतही गच्चीच्या निम्मं पुरे. वाढ हळू असते, जास्तीचं खत झाडाला पेलत नाही, कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा तेवढा धरतो.

डासांचं तुम्ही लिहिलंत ते अगदी गंभीर आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार होते. पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाका. बाकीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून काढा. घासायचं एवढ्यासाठी की अंडी कडेला चिकटून कोरडीही महिनोन् महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात.

वजनाची शंका तुमच्या शेजाऱ्यांनी काढली म्हणता. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस-पंचवीस किलो भरते. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरलेला असतो, त्यामुळे पाच-सहा कुंड्या विखरून ठेवल्या तर चांगल्या स्थितीतल्या इमारतीत अडचण नाही. पण स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं असेल, सळ्या दिसत असतील, तर आधी सोसायटीतर्फे तपासणी, मग बाग.

आता कुंड्यांचं. फेकू नका, कुणाला देऊही नका. कुजलेल्या रोपांची मुळं वेचून टाका, माती कागदावर पसरून आठवडाभर तुमच्याच सकाळच्या उन्हात सुकवा, एक तृतीयांश खत आणि तेवढाच विटांचा चुरा मिसळा. कुंड्यांची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. पाऊस ओसरत आलाय, ऑक्टोबरपासून आभाळ उघडं राहील आणि पेरायला तोच काळ सगळ्यात चांगला. दोन कुंड्यांत पालक, एकीत कोथिंबीर, एकीत पुदिना, एकीत पानओवा. मेथीला जुना पसरट ट्रे पुरेल. टोमॅटोचं जे एक रोप अजून उभं आहे म्हणता, ते काढून जागा मोकळी करा. अळू, हळद आणि आलं यांची घाई आता करू नका, त्यांचे कंद मेमध्ये आणा.