शेवाळाला मुळं नसतात, आणि बिया तर नसतातच नसतात

दांडियाबाजारपासून मांजलपूरपर्यंत बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, "टाकीतलं शेवाळ, सत्य जाणून घ्या". सत्य काय तर म्हणे शेवाळ ही पाण्यात उगवणारी एक वनस्पती, तिची मुळं टाकीच्या भिंतीत शिरतात, बिया नळातून घरोघर जातात, ती फक्त घाणीतच वाढते, लाल दिसलं तर ते शेवाळ नसून केमिकल, सगळं शेवाळ विषारी, आणि उपाय म्हणजे तुरटी, तुरटीने मुळं जळतात. आमच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला, खाली बारा हात जोडलेले. बीएस्सीला बॉटनी घेतली होती ती कधीतरी कामाला यावी म्हणून हे लिहितेय.

आधी त्यातला फोटो बघा. फोटो आहे विश्वामित्री नदीतल्या जलकुंभीचा, चांगली जांभळी फुलं दिसतायत. जलकुंभी दक्षिण अमेरिकेतून आलेली फुलझाडांतली वनस्पती, तिला मुळंही असतात, लोंबणारी, केसाळ. शेवाळाला फूल येत नाही, कुठल्याच नाही. विषय संपला.

आता "एक वनस्पती". इथेच खरा घोळ आहे, बाकीच्या चुका यातूनच निघाल्यात. आपण ज्या ज्या गोष्टींना लील किंवा शेवाळ म्हणतो त्या एका घराण्यातल्या नाहीतच. निळं-हिरवं शेवाळ, नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना वगैरे, हे तर बॅक्टेरिया, त्यांच्या पेशीत केंद्रकच नसतं. हिरवं शेवाळ झाडांच्या नात्यातलं, हरितद्रव्य तेच, स्टार्च तोच. तपकिरी शेवाळ मात्र नात्याने आंब्या-पिंपळापेक्षा बटाट्यावर करपा आणणाऱ्या जीवाच्या जास्त जवळ, ऐकायला विचित्र वाटेल पण तसंच आहे. डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळं, त्याच बाजूचे. त्यांची भिंत सिलिकाची, म्हणजे काचेच्या जातीची, आणि तिचे दोन भाग डबा आणि झाकणासारखे एकात एक बसतात. लाल शेवाळाची शाखा आणखी वेगळी. मग "शेवाळ असं करतं" असं एका वाक्यात लिहिलं की ते कुणाबद्दल लिहिलंय हा पहिला प्रश्न.

मुळांचं बोलायचं तर टाकीतली लील म्हणजे बहुतेक एकएकट्या पेशी नाहीतर पेशींचे धागे, त्या भिंतीला चिकटतात, आत शिरत नाहीत. समुद्रातल्या मोठ्या शेवाळांना खाली पकड असते, पण ती खडकाला धरून राहण्यापुरती, पाणी आणि क्षार अख्खं अंग शोषतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं मॅक्रोसिस्टिस हे तपकिरी शेवाळ ४५ मीटरपर्यंत लांब होतं, त्यालासुद्धा मुळं नाहीत. आणि आपल्या ओखा-द्वारकेच्या खडकांवर कॉलर्पा मिळतं, त्याला आडवी फांदी, वर पानं, खाली मुळं असं सगळं दिसतं, मात्र मधे पेशींच्या भिंतीच नाहीत, तो पूर्ण पसारा म्हणजे हजारो केंद्रकांची एकच पेशी. दिसण्यावर जाऊ नका.

बियांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण शेवाळाची खरी गंमतच तिथे आहे आणि फॉरवर्डवाल्याने ती "बिया" म्हणून उडवून लावली. निळ्या-हिरव्यात नर-मादी भानगडच नाही, पेशी दुभंगते, धागा तुटतो, तुकडा सरकत जाऊन नवा धागा होतो, आणि वाईट दिवस आले की काही पेशी जाड भिंतीच्या होऊन पडून राहतात. क्लॅमिडोमोनस या हिरव्या पेशीला दोन शेपट्या, ती पोहते, आतल्या आत दोन-चार-आठ पिल्लं करून सोडते, पण नायट्रोजन कमी पडला की मग जोडीदार शोधते. स्पायरोगायरा, तळ्यातले ते बुळबुळीत धागे, त्यात शेजारशेजारच्या दोन धाग्यांतल्या पेशींमधे नळी तयार होते आणि एकीतला सगळा ऐवज सरकून दुसरीत जातो, त्यातून जी जाड कवचाची पेशी होते ती तळं आटलं तरी टिकते, पाणी आलं की उगवते. डायटम दुभंगताना दोन्ही पिल्लांना जुना अर्धा भाग मिळतो आणि नवीन भाग कायम आतला, लहान, म्हणून पिढ्यानपिढ्या त्यांच्यातल्या बऱ्याच पेशी बारीक होत जातात, फारच बारीक झाल्या की लैंगिक प्रजनन होऊन पुन्हा मूळ साईज.

आणि लाल शेवाळ! त्यांच्या पूर्ण जीवनचक्रात पोहणारी एकही पेशी नाही, नर पेशी पाण्याबरोबर जाईल तिकडे जाते. (ग्रॅसिलेरिया या लाल शेवाळात समुद्रातला एक छोटा किडा नर पेशी अंगावर वाहून नेतो असं २०२२ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे फुलं नाहीत तरी मधमाशीचं काम करणारं कोणीतरी आहे.) सुशी या जपानी पदार्थाला गुंडाळतात ते नोरी याच गटातलं, जपानी लोक ते शेकडो वर्षं खात होते पण नवीन पीक येतं कुठून ते कळत नव्हतं. १९४९ मधे इंग्लंडच्या कॅथलीन ड्रू यांनी दाखवलं की शिंपल्यांच्या कवचात वाढणारे गुलाबी सूक्ष्म धागे, जी वेगळीच जात समजली जायची, ती नोरीचीच दुसरी पिढी. तेव्हापासून शिंपल्यांवर ते धागे वाढवून शेती होते. बिया म्हणे.

फक्त घाणीत वाढतं? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसने तळं हिरवंगार होतं हे खरंच, सुरसागर तलावासारखं साचलेलं पाणी असलं की जास्तच. पण शेवाळ बर्फावर वाढतं, वाळवंटाच्या मातीत वाढतं, बहामाजवळ स्वच्छ समुद्रात २६८ मीटर खोलसुद्धा लाल शेवाळ सापडलंय.

लाल म्हणजे केमिकल, हे आपल्याकडे लोकांना लगेच पटतं, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांचं नाव ऐकूनच सगळे मोठे झालेत. तरी पण रंगावरून ठरवता येत नाही. कोकणात झाडांच्या खोडांवर, दमट भिंतींवर नारिंगी मखमली थर दिसतो तो ट्रेंटेपोहलिया, आणि तो हिरव्या शेवाळांच्याच गटातला, फक्त नारिंगी रंगद्रव्याने हिरवा झाकलेला. बर्फ लाल करणारं शेवाळही हिरव्यातलंच. पाण्यात केमिकल आहे का ते तपासणीतून कळेल, फोटोतून नाही.

सगळं विषारी? मग उपासाला चायना ग्रासचं पुडिंग कशाला करता, ते लाल शेवाळातून काढलेलं अगार. आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात ते अल्जिनेट तपकिरीतून येतं. पण या एका मुद्द्यावर फॉरवर्डमधे जरा तथ्य आहे आणि नेमकं तेच नीट सांगितलेलं नाही. तळ्यावर हिरव्या रंगाच्या पेंटसारखा थर येतो तो बरेचदा मायक्रोसिस्टिस, निळ्या-हिरव्यातला. त्याच्या काही प्रकारांचं विष यकृतावर परिणाम करतं आणि पाणी उकळून ते जात नाही. असं पाणी गुरांना, कुत्र्याला पिऊ देऊ नका, पोरांना त्यात उतरू देऊ नका.

राहिली तुरटी. तिने गाळ आणि बारीक कण एकत्र होऊन खाली बसतात, पाणी नितळ दिसतं, मुळं जळायचा प्रश्नच येत नाही कारण मुळं नाहीत, आणि तळाशी बसलेल्या शेवाळाला ऊन मिळत राहिलं तर ते पुन्हा वाढणारच. ऊन तोडा. काळी टाकी घ्या, झाकण नीट बसवा, फुटलेलं असेल तर बदला, टाकी रिकामी करून ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन मग साध्या पाण्याने दोनदा खळबळा. पांढऱ्या, उजेड आत घेणाऱ्या टाक्यांना काळा किंवा गडद रंग बाहेरून मारला तरी चालतो.