"पोरं सब-कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मला पॉलिसी कशाला?" या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, वायरिंगची कामं घेतो, दोन्ही पोरं सबवर आहेत, लायबिलिटी पॉलिसी आहेच, मग कामगार भरपाईच्या विम्यावरून मी उगाच घाबरवतोय. प्रीमियम भरताना माझ्याही जिवावर यायचं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी.

लायबिलिटी पॉलिसी बाहेरच्या माणसासाठी असते. पोराच्या हातून ड्रिल निसटून घरमालकाच्या पायावर पडलं तर ती उपयोगी, तेच पोर शिडीवरून पडलं तर नाही, कारण स्वतःचे कामगार तिच्यात सहसा वगळलेले असतात. मी हे भोगलंय. माझा हेल्पर जंक्शन बॉक्स बसवत होता, नव्या फरशीवर सिमेंटची धूळ, शिडीचा एक पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तरी कितीतरी दिवस त्याला पक्कड धरता येईना. मी हीच लायबिलिटी पॉलिसी घेऊन गेलो तर विमा कंपनीने नियमातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. दवाखाना, त्याचा घरखर्च सगळं उसने पैसे घेऊन केलं, आणि तो मला विचारत होता, "माझी जागा राहील ना?" अजून आठवतं.

आता सबचं. वेळ तुम्ही ठरवता, हत्यारं तुमची, रोजची मजुरी तुम्ही देता, मग कागदावर काहीही लिहा, वाद झाला की बहुतेक ठिकाणी ती तुमचीच माणसं धरतात. खरेच सब असतील तर त्यांच्या पॉलिसीचं सर्टिफिकेट घ्या, तारीख बघा, नाहीतर विमा कंपनी मजुरीचा हिशोब तपासते त्या ऑडिटला त्यांचं बिल तुमच्या मजुरीत धरून जादा प्रीमियम लागू शकतो.

"चूक त्याची तर मी का भरू" हे तुमचं वाक्य मला लागलं. चूक कुणाची हे न बघता भरपाई द्यायची हाच कामगार भरपाईच्या विम्याचा पाया आहे, जर्मनीत 1884 साली तसा कायदा झाला तेव्हापासून. बदल्यात बऱ्याच देशांत कामगार सहसा मालकावर वेगळा दावा लावू शकत नाही, म्हणजे तुमचं घरदारही वाचतं.

खर्चाचं म्हणाल तर अनेक ठिकाणी दर 100 च्या मजुरीमागे दर असतो आणि तो कामाच्या प्रकारावर ठरतो, त्यामुळे बिलं लिहिणारा माणूस वायरमनच्या दरात धरलाय का तेवढं तपासा, तिथे फुकट पैसे जातात.

आज तुमच्या पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान काढा, काय लिहिलंय ते इथे टाका, आपण ओळ न ओळ बघू.