बॉक्समध्ये माणसंच नाहीत, तर गोल करणार कोण?

भारताची मॅच संपली की ठाण्या-नवी मुंबईतल्या फुटबॉल ग्रुपांवर पुढच्या दहा मिनिटांत काय येणार हे आता पाठ झालंय. कोचला हाकला. अमका टीममध्ये कसा? तमका बेंचवर का? आपला जुना स्ट्रायकर सुनील छेत्री खेळला तर म्हातारा झाला म्हणून शिव्या, नाही खेळला तर छेत्री कुठाय म्हणून शिव्या.

राग खोटा नाही. 2027चा आशियाई कप सौदीत होणार आणि आपण तो टीव्हीवर बघणार. पात्रता फेरीत आपल्या गटात कोण होतं? सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश. जपान नाही, कोरिया नाही, इराण नाही. चौघांतून एकच जाणार होता आणि सिंगापूर गेलं. आपले पहिल्या पाच सामन्यांतले गुण दोन, गोल दोन, विजय शून्य. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्याला बांगलादेशकडून हरलो, तेही 22 वर्षांनी पहिल्यांदा. एवढं झाल्यावर माणूस चिडणारच. माझं म्हणणं इतकंच आहे की आपण चुकीच्या जागी चिडतोय. 'स्ट्रायकर कोण' यावर भांडण चालू आहे, आणि खरा घोळ स्ट्रायकरच्या मागे तीस मीटरवर आहे.

ते दोन गोल आठवून बघा. पहिला 9 ऑक्टोबर 2025ला सिंगापूरमध्ये. संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यामुळे आपण जवळपास पूर्ण दुसरा हाफ दहा जणांनी खेळलो, आणि 90व्या मिनिटाला समोरच्या बचावाने केलेल्या चुकीवर रहीम अलीने झडप घातली. दुसरा पाच दिवसांनी, सिंगापूरविरुद्धच, मडगावला फातोर्ड्यावर. 14व्या मिनिटाला छांगतेने बॉक्सबाहेरून, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेरून, मारलेला जबरदस्त फटका. एक गोल समोरच्याच्या चुकीतून, एक एकट्याच्या कसबातून. चार पास जोडून, कोणाला तरी मोकळं करून, बॉक्समध्ये चेंडू देऊन केलेला गोल 450 मिनिटांत एकही नाही. मग नऊ नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, कोणीही उभा केलात तरी काय फरक पडणार होता?

याचं पहिलं कारण अगदी साधं आहे, तरी त्यावर कोणी बोलत नाही. आपले दोन मुख्य विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे, बघा. छांगते डावखुरा, खेळतो उजवीकडून. लिस्टन कोलासो उजव्या पायाचा, खेळतो डावीकडून. दोघंही चेंडू घेतला की आत वळतात आणि मारायला बघतात. यात वाईट काही नाही, जगभर हेच चालतं. पण विंगर आत वळला की बाहेरची पट्टी रिकामी होते, आणि तिथून धावत वर जायचं काम फुल-बॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं असतं. फुल-बॅक वर गेला तरच समोरच्या बचावपटूची पंचाईत होते: आत येणाऱ्या विंगरला अडवू की बाहेरून जाणाऱ्याला? आपल्याकडे कोच फुल-बॅकना हातचं राखून खेळायला लावतात. परिणाम असा की विंगर आत वळतो तेव्हा समोर तीन माणसं, बाहेर पास द्यायला कोणी नाही. मग एकतर वीस-पंचवीस मीटरवरून फटका, नाहीतर मागे पास. शंभरातला एखादा फटका छांगतेच्या त्या गोलासारखा बसतो. उरलेले बॉलबॉयकडे जातात.

आता बॉक्स मोजा. उजवीकडून हल्ला चालू असताना आत चार जण हवेत. स्ट्रायकर जवळच्या पोस्टकडे, पलीकडचा विंगर लांबच्या पोस्टवर, मिडफिल्डमधला एक जण पेनल्टी स्पॉटच्या आसपास, आणि एक जण डीच्या, म्हणजे बॉक्सबाहेरच्या अर्धगोलाच्या तोंडाशी, मागे आलेल्या चेंडूसाठी. बॉक्स 40 मीटर रुंद आणि साडेसोळा मीटर खोल आहे. तिथे दोन माणसांनी काय होणार? पुढच्या वेळी क्रॉस पडताना स्क्रीन थांबवा आणि निळे शर्ट मोजा. बहुतेक वेळा दोन दिसतील, त्यातला एक पाठमोरा.

चार का पोचत नाहीत? कारण आपण चेंडू जिंकतो तोच मुळी स्वतःच्या बॉक्सपाशी. बचावाची फळी स्वतःच्या गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर बसलेली, तिच्यापुढे दहा मीटरवर दोन मिडफिल्डर. मैदान 105 मीटरचं. तिथून समोरच्या बॉक्समध्ये पोचायला मिडफिल्डरला साठेक मीटर पळावं लागतं, म्हणजे जीव काढून धावला तरी आठ-नऊ सेकंद. तेवढ्यात स्ट्रायकरने दोन सेंटर-बॅकच्या मध्ये एकट्याने चेंडू धरून ठेवायचा. एखाद्या वेळी तो धरतोही. पण मॅचभर दर हल्ल्याला हेच करायचं म्हटलं तर साठाव्या मिनिटानंतर तो आणि मिडफिल्डर दोघेही संपलेले असतात. त्यानंतर आपण 'दम नाही, फिटनेस नाही' म्हणून बोंबलतो. फिटनेसचा प्रश्नही होताच म्हणा. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी खेळलो तेव्हा आयएसएल ही आपली मुख्य लीग सुरूच झालेली नव्हती, पोरं लीग सामन्यांशिवाय थेट देशासाठी उतरली होती. पण फळी आणखी पंधरा मीटर वर ठेवली असती तर त्याच दमात दुप्पट वेळा बॉक्स गाठता आला असता.

इथे कोच खालिद जमीलबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. या माणसाने 2016-17 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, हे काही नशिबाने होत नाही. त्याचं फुटबॉल ठरलेलं आहे: मागे घट्ट बसा, समोरच्याला येऊ द्या, लांब चेंडू, लांब थ्रो-इन, सेट-पीस (फ्री-किक, कॉर्नर), आणि उसळून सुटलेल्या चेंडूवर तुटून पडा. ऑगस्ट 2025 मध्ये भारताची सूत्रं हाती घेतली आणि लगेच मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं. दोन्ही गोल सेंटर-बॅकचे, अन्वर अली आणि झिंगन. तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. तेव्हा ग्रुपांवर आरत्या ओवाळल्या जात होत्या. मोहन बागानने त्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडले नव्हते, त्यामुळे अर्धी टीम नवी होती, हे लक्षात घेतलं तर ते काम मोठंच होतं.

लांब थ्रोला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा तो कसा लावतात ते बघावं. फेकणारा पंचवीस मीटर तरी टाकू शकला पाहिजे. जवळच्या पोस्टसमोर एक उंच माणूस, त्याचं काम फक्त डोकं लावून चेंडू मागे सरकवणं. त्याच्यामागे दोघे धावत येणारे. एक गोलकीपरच्या अंगाशी, त्याला बाहेर येऊ न देणारा. दोन जण डीवर, बाहेर फेकलेल्या चेंडूसाठी. दोन मागे राखणीला. यातला डीवरचा एक जण जरी झोपला तरी समोरच्याला थेट काउंटर मिळतो. हे सगळं सरावात घोटावं लागतं. खालिदची टीम ते घोटून आलेली दिसते.

अडचण अशी की ही पद्धत समोरचा तुमच्यावर चालून येतो तेव्हा चालते. इराण, ओमान, ताजिकिस्तान येतात. मडगावला सिंगापूर का येईल? त्यांना घाई नव्हती, आपल्याला होती. आपल्याला जिंकायचं होतं आणि हातात हत्यार होतं न हरण्याचं. 14व्या मिनिटाला आघाडी मिळाली, 44व्या मिनिटाला ती गेली, मधल्या अर्ध्या तासात दुसरा गोल आला नाही. 58व्या मिनिटाला दुसरा खाल्ला. दोन्ही गोल सोंग उई-यंगचे, आणि तो मिडफिल्डर आहे. समोरचा मिडफिल्डर आपल्या बॉक्सपाशी येऊन दोनदा मारून जातो आणि आपला पाच सामन्यांत एकदाही नाही. टीम निवडीवर टीका करायची तर ती इथून सुरू करा.

खालिदच्या आधीचा कोच मानोलो मार्केझच्या काळाची गोष्ट वेगळी. तो एकाच वेळी एफसी गोवा हा क्लब आणि भारत सांभाळत होता, ही व्यवस्थाच चमत्कारिक. आठ सामने, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्याच सुमारास छेत्रीला निवृत्तीतून परत आणलं, म्हणून अजून त्याला बोल लावतात. मला त्यात चूक वाटत नाही. 2024-25च्या आयएसएलमध्ये छेत्रीचे 14 गोल, भारतीयांत सगळ्यात जास्त. चाळिशी ओलांडलेला माणूस सगळ्यात जास्त गोल करत असेल तर तो घ्यावाच लागणार. चूक पुढची होती. छेत्री सहा फुटी सेंटर-बॅकना अंगावर घेऊन चेंडू धरणारा खेळाडू नाही. त्याचं सगळं बॉक्समध्ये: जवळच्या पोस्टवर अर्धं पाऊल आधी पोचायचं, क्रॉस लवकर यायला हवा. त्याला घेतलं आणि क्रॉस देणारी माणसं घेतली नाहीत. शिलाँगला बांगलादेशशी 0-0 झालं त्या रात्री हेच दिसत होतं.

हाँगकाँगच्या सामन्यात 94व्या मिनिटाला पेनल्टीवर हरलो आणि सगळा राग गोलकीपर विशाल कैथवर निघाला. बाहेर येऊन चेंडूआधी माणसाला लागला, चूक मोठीच. पण पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनला गोलसमोर मिळालेली संधी हुकली, त्यानंतर तशी दुसरी किती वेळा तयार झाली ते आठवा. एका संधीवर मॅच लटकवून ठेवली की शेवटच्या मिनिटाची चूक महागात पडतेच. गोलकीपरवर मी यापेक्षा जास्त शब्द खर्च करणार नाही.

बदली खेळाडूंचं मात्र सांगायलाच हवं. पाच बदल मिळतात. आपल्याकडे विंगरच्या जागी विंगर, स्ट्रायकरच्या जागी स्ट्रायकर. माणूस बदलतो, आकार तोच. 0-0 आहे, समोरच्याने पाच जण मागे लावलेत, साठ मिनिटं झालीत, अशा वेळी दोन बचावात्मक मिडफिल्डरपैकी एकाला काढून बॉक्समध्ये घुसणारा आठ नंबर, म्हणजे हल्ल्यात जाणारा मिडफिल्डर, आणायला हवा. मागे राहतात दोन सेंटर-बॅक, एक फुल-बॅक आणि एक मिडफिल्डर. समोरचा वर एकच स्ट्रायकर ठेवत असेल तर चार पुरेत. धोका आहे? आहे. चेंडू गेला की पहिले पाच सेकंद सगळ्यांनी तिथेच घेरलं पाहिजे, नाहीतर मोकळं रान मिळतं. पण घरच्या मैदानावर सिंगापूरविरुद्ध धोका घ्यायचा नाही, तर कोणाविरुद्ध घ्यायचा?

आता कोचची बाजू. आयएसएल 2014 पासून चालू आहे आणि 2024-25पर्यंत एकाही हंगामात गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस, भारतीयाला मिळालेलं नाही. 2024-25 मध्ये नॉर्थईस्टच्या अलादीन अजारईने 23 गोल केले. बहुतेक क्लब नऊ नंबर परदेशातून आणतात, दहा नंबरही. भारतीय पोरांना विंग आणि फुल-बॅक उरतं. आपल्या मुंबई सिटीतही छांगते विंगवरच. राष्ट्रीय कोच बाजारात जातो तेव्हा दुकानात जे आहे तेच घेणार.

आणि त्याच्याही खाली आपल्या घोडबंदर रोडवरचे, वाशी-खारघरमधले टर्फ आहेत. तीन बाजूंनी जाळी, वर जाळी, पाच किंवा सात जणांचा खेळ, ऑफसाइड नाही, गोल बुटका. पायातली कला तिथे छान येते, अरुंद जागेत वळणं येतं. पण क्रॉस शिकायला जागाच नाही, उंच चेंडू वरच्या जाळीला लागतो. डोक्याने खेळण्याची वेळ येत नाही. बचावपटूच्या पाठीमागून, ऑफसाइड सांभाळून पळायचं कसं हे तर अजिबातच नाही. नेरूळला डी. वाय. पाटीलवर 2017च्या अंडर-17 वर्ल्ड कपचे सामने झाले तेव्हा वाटलं होतं, या भागात पूर्ण मापाची मैदानं वाढतील. वाढले ते तासावर भाड्याने मिळणारे टर्फ. अकादमी चालवणाऱ्यांना विनंती: महिन्यातून दोन रविवार तरी पोरांना पूर्ण मैदानावर न्या आणि फक्त बाजूने क्रॉस, बॉक्समध्ये चार धावा, एवढंच घ्या. जवळचा पोस्ट, लांबचा पोस्ट, स्पॉट, डी. जागा बदलून बदलून.

म्हणून कोच निर्दोष ठरत नाही. स्ट्रायकर मिळत नाही हे त्याच्या हातात नाही, फुल-बॅकला वर पाठवणं आहे. फळी पंधरा मीटर वर घेणं आहे. आठ नंबरला बॉक्समध्ये जायला सांगणं तर शंभर टक्के आहे.

भारताची पुढची यादी जाहीर झाली की पुढे कोण यावरून वाद होईलच, होऊ दे. त्याआधी यादीत दोन नावं शोधा: धावता धावता पहिल्या स्पर्शात क्रॉस टाकणारा फुल-बॅक, आणि क्लबसाठी बॉक्समध्ये जाऊन गोल केलेला मिडफिल्डर. ती सापडली नाहीत तर पुढे कोणालाही उभं करा, साठाव्या मिनिटाला तो सेंटर सर्कलपाशी चेंडू मागत असेल आणि आपण त्याच्या वयाचा हिशोब करत बसू.