पाणी आटतं, आर्सेनिक नाही

‘प्लास्टिकच्या मण्यांचं पाणी म्हणजे सावकाश विष’ हा हात जोडलेल्या इमोजींनी भरलेला मजकूर गेले काही दिवस ग्रुपांवर फिरतोय. मी तो दोनदा पाहून सोडून दिला होता. परवा तो मावसबहिणीकडून आला. ताई राहते पश्चिम बंगालमध्ये, उत्तर २४ परगण्यात. तिथल्या भूजलातलं विषारी आर्सेनिक १९८० च्या दशकापासून माहीत आहे. फॉरवर्डखाली तिची ओळ होती: ‘आम्ही कोपऱ्यावरच्या आर्सेनिक फिल्टरचं पाणी बंद केलंय. हातपंपाचंच उकळून पितो.’ मग गप्प बसवेना.

मजकुराचं म्हणणं असं: धातू प्लास्टिकला चिकटत नाहीत, म्हणून आर्सेनिक काढायला प्लास्टिकचे मणी भरलेले फिल्टर ही फसवणूक आहे. पाणी निम्मं होईपर्यंत आटवून रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलं की आर्सेनिक, शिसं ‘जळून’ जातं. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) शंभरच्या आत असला की जड धातू नाहीतच. शेवग्याच्या बिया उरलंसुरलं ओढून घेतात. आणि हे सगळं परदेशी कंपन्यांचं कारस्थान आहे.

आधी आटवण्याचं बघू, कारण माणसं आजारी पडतील ती यानेच. उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, त्यात मरण्यासारखं किंवा जळण्यासारखं काही नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, आर्सेनिक पातेल्यातच राहतं. दूध आटवलं की ते गोड का लागतं, हे बासुंदी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. आता हिशेब करा. हातपंपाच्या एक लिटर पाण्यात ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे असं धरू. ते अर्धा लिटर होईपर्यंत आटवलं, तर तेच ५० मायक्रोग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये आलं, म्हणजे लिटरला १००. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १०, आणि पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकातही तीच. म्हणजे मर्यादेच्या पाचपट असलेलं पाणी ताईने स्वतःच्या गॅसवर दसपट केलं, वर सिलिंडर जाळला. आर्सेनिक लगेच काही दाखवत नाही. तळहात-तळपाय खरखरीत होणं, कातडीवर डाग पडणं, पुढे कर्करोग, हे सगळं वर्षानुवर्षं पाणी प्यायल्यावर दिसतं. म्हणून ‘आम्हाला तर काही झालं नाही’ या वाक्याला इथे काडीचीही किंमत नाही.

तांब्याच्या भांड्याचं अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजाने. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेले होते. पण तो अभ्यास जंतूंचा होता. मजकूर लिहिणाऱ्याने जंतू खोडून तिथे आर्सेनिक घातलं.

आता मण्यांचं. साध्या प्लास्टिकला आर्सेनिक चिकटत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर साधं प्लास्टिक वापरत नाहीत! हे मणी पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ते पाण्यात विरघळत नाहीत. त्या साखळ्यांवर रासायनिक गट बसवतात. धातूप्रमाणे गट बदलतो: पाऱ्यासाठी गंधकाचा, तांबं-निकेलसाठी दोन बाजूंनी पकडणारा. आर्सेनिकसाठी धनप्रभारित मण्यांच्या आत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसवतात. आर्सेनिक धरतो तो हा लोह ऑक्साइड. नुसती त्याची पूड टाकीत भरली तर ती दबून पाणी अडवते, मण्यात बसवली की पाणी वाहतं. अरूप सेनगुप्ता यांच्या, अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या गटाने हे विकसित केलं. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साथीने १९९७ पासून पश्चिम बंगालच्या गावांत हातपंपांना आर्सेनिक काढणाऱ्या टाक्या जोडल्या गेल्या. सुरुवातीला त्यांत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) होतं, हे मणी पुढे आले. टाक्या चालवतात त्या गावसमित्या. परदेशी कारस्थानाबद्दल एवढंच.

टीडीएस मीटर मोजतो पाण्याची वीजवाहकता. त्याचा शेवटचा आकडा म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, आर्सेनिकच्या मर्यादेच्या शंभरपट. शिवाय भूजलातल्या आर्सेनिकचा एक प्रकार नेहमीच्या पाण्यात प्रभाररहित असतो, तो या मीटरला दिसूच शकत नाही. मीटरवर ८० आलं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

शेवग्याच्या बियांनी गढूळपणा खाली बसतो. नितळ हातपंपाच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी त्यांच्या भरवशावर राहू नये.

या फिल्टरांवर खरा आक्षेप घेता येतो, तो मात्र मजकुरात नाही. मणी आर्सेनिकने भरतात. भरल्यावर कॉस्टिक सोडा आणि मिठाच्या पाण्याने धुऊन परत तयार करावे लागतात, आणि निघालेला आर्सेनिकचा गाळ तळ्यात न फेकता नीट ठेवावा लागतो. लोह नसलेलं साधं रेझिन (म्हणजे नुसते मणी) वेळेवर धुतलं नाही, तर पाण्यातलं सल्फेट धरलेलं आर्सेनिक ढकलून देतं आणि आत गेलं त्यापेक्षा जास्त नळातून बाहेर येऊ शकतं. तेव्हा ताई, समितीला विचार: मणी शेवटचे कधी धुतले? बाहेर येणाऱ्या पाण्याची आर्सेनिक तपासणी कधीची आहे, कागद दाखवा. कागद नसेल तर बाटली भरून सरकारी पाणी प्रयोगशाळेत दे, आणि एक बाटली हातपंपाचीही दे. तोवर आटवणं आजच बंद कर.